शिलेदाराची पोथी

उत्तरा नक्षत्राचा पाऊस पडून उघडीप झाली की लोकांना काय काय होतं. कुणाला गाणी आठवतात, कुणाला कांदाभजी. मला वैताग येतो. धाराशिवात मुलाच्या घराच्या गच्चीवर उभी राहिले की गावाबाहेरची काळी रानं दिसतात. आधी ओली, चकाकणारी. मग ऊन लागून चकाकी जाते, माती मुठीत घेतली तर हाताला चिकटत नाही, नुसती मोकळी होते. वाफसा आला. म्हणजे आता पेरा. चार दिवसांनी म्हणाल तर रान वाळून दगड होईल. आणि अशा ऐन वेळी खाली दिवाणखान्यात माझा नातू अर्णव सोफ्यावर आडवा पडून एका योद्ध्याची गोष्ट वाचत असतो. तो योद्धा अर्धं पुस्तक संपलं तरी लढायला जावं की न जावं याचा विचारच करतोय.

"आजी, त्याच्या मनात द्वंद्व आहे," अर्णव मला समजावतो.

मला ठाऊक आहे त्याच्या मनात काय आहे. नातवाशी बोलायला दुसरा विषय उरला नाही म्हणून त्या मालिकेचे तीन जाडजूड खंड मी चष्मा लावून वाचलेत. त्या बाबाच्या अंगावर काळा झगा आहे, गालावर व्रण आहे, आईबाप लहानपणीच मारले गेलेत. तलवारीला स्वतःचं नाव आहे आणि बहुतेक स्वतःची मतंही. सगळं राज्य म्हणतंय, बाबा रे, तूच तो. आणि हा म्हणतोय, मला एकटं सोडा. ज्या राजाची शपथ घेतली तो राजा लबाड निघतो, मग हा शपथ मोडतो, आणि ती मोडली यातच त्याचं मोठेपण. घोडा तर केव्हाच गेला. त्याच्या जागी पंख असलेलं, आग ओकणारं एक धूड आलंय. त्या धुडाखालचं शेण कोण काढतं, याचा तिन्ही खंडांत उल्लेख नाही.

"तुमच्या वेळचे हीरो कसे सरळसोट असायचे ना?" त्यानं परवा विचारलं.

"मला एकच ठाऊक आहे," मी म्हटलं, "आणि त्याला माझ्या आईनं गडाच्या भिंतीवर दोरीला लटकत ठेवलं होतं."

पोरानं कानातली यंत्रं काढून ठेवली. एवढं यश मला पुष्कळ दिवसांत मिळालं नव्हतं.

आमचं गाव तामलवाडीच्या पलीकडं, सडक सोडून आत. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, पण म्हातारी माणसं शाळेला अजून मदरसाच म्हणत. अप्पा, म्हणजे माझे वडील, त्या मदरशाचे एकुलते एक मास्तर. स्वतः सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं, त्यामुळं छापील मराठी पुस्तक हाती लागलं की उपाशी माणसानं ताटावर बसावं तसे ते त्याच्यावर बसत. वाचत सावकाश, पण आवाज असा की बाहेर बांधलेली गुरं कान टवकारायची. आई तुळजापूरची, पुजाऱ्याच्या घरातली. तिच्याकडं आवाज नव्हता, पण नजर होती, आणि ती नजर अप्पांच्या आवाजापेक्षा लांब जायची.

त्या वर्षी श्रावणातली पोथी संपली, वाचणारे बुवा आपल्या गावी गेले, पण मारुतीच्या देवळातला चौरंग कुणी उचलला नाही. दिवेलागण झाली की माणसं सवयीनं येऊन बसायची आणि रिकाम्या चौरंगाकडं बघत राहायची. अप्पांना त्यांची दया आली. सोलापूरच्या रद्दीतून त्यांनी एक कादंबरी आणली होती. तिचं कव्हर फाटलेलं, पहिली पानं गेलेली. तिचं नाव काय, लिहिली कुणी, ते आम्हांला शेवटपर्यंत कळलं नाही. ती घेऊन ते देवळात गेले आणि कंदिलाच्या उजेडात नीट दिसावं म्हणून पुस्तक चौरंगावर ठेवलं.

इथंच घोळ झाला. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं उठून पुस्तकाला हळदकुंकू लावलं, दोन फुलं वाहिली आणि हात जोडले. अप्पा म्हणत होते, "अहो, ही गोष्ट आहे, नुसती गोष्ट." म्हातारा म्हणाला, "मास्तर, समद्या पोथ्या गोष्टीच असत्यात." झालं. प्रकरणाचा अध्याय झाला. कादंबरीसमोर कुणी पाय पसरीना. अध्याय संपला की जयजयकार आणि खोबरं-साखर. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पोथी एकदा लावली की अर्ध्यावर सोडता येत नाही. सोडली तर गावाला लागतं. कादंबरीचा लेखक कुठं असेल तिथं त्याला उचक्या लागत असतील.

आता त्या शिलेदाराविषयी. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येणारा स्वार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. म्हणून शिलेदाराचा ताठा मोठा. आमचा शिलेदार तर ताठ्याचा मेरुमणी होता. तो जेवत नसे, झोपत नसे, त्याला जखम झाली की ती पुढच्या अध्यायापर्यंत भरून येई. एका दुष्ट किल्लेदारानं एका विधवा राणीला गडावर कोंडलेलं, आणि शिलेदारानं तिला सोडवायचा पण केलेला. ती राणी बसल्या जागी अश्रू ढाळण्यापलीकडं काही करत नसे. मी तेव्हा सातवीच्या वयाची. मला सुद्धा वाटायचं, बाई गं, निदान खिडकीतून खाली काहीतरी फेक.

श्रोते मात्र चोखंदळ. "मास्तर, तीन रोज झालं घोड्यावर बसलाय. घोड्याला चंदी कवा घातली?" असा प्रश्न आला की अप्पा पान उलटून शोधू लागत. चंदी नसायचीच. मग दगडू पाटील मिशीवर हात फिरवून निकाल देत, "शिलेदाराचं घोडं हाय ते. त्येला तुमच्या तट्टावानी भूक लागत न्हाय." पाटलांची गावात सगळ्यांत जास्त जमीन, सगळ्यांत जास्त बैलजोड्या, आणि सगळ्यांत लवकर येणारं रडू. शिलेदार नुसता "मातोश्री" म्हणाला तरी पाटलांचा उपरण्याचा शेव डोळ्यांना जाई.

मोठी झाल्यावर, इतिहासाची चार पुस्तकं वाचल्यावर मला कळलं की खरा शिलेदार असा नव्हताच. तो पगाराच्या थकबाकीसाठी धरणं धरून बसणारा, घोडा मेला तर ढसाढसा रडणारा माणूस होता. पावसाळ्यात तो घरी असे, शेत बघे, आणि दसऱ्याला रानातली कामं मार्गी लावूनच मोहिमेला निघे. म्हणजे शौर्याच्या आधी खुरपणी होती. आमच्या कादंबरीवाल्यानं ती खुरपणी काढून टाकली आणि शिलेदाराच्या तोंडी भाषणं घातली. मुलूख नुकता मोकळा झाला होता, तालुक्याला सभा होत होत्या, आणि आमचा मध्ययुगातला शिलेदार थेट त्या सभांतल्यासारखा "बंधूंनो" म्हणून बोले. आज अर्णवचा योद्धा डॉक्टरकडं मन मोकळं करणाऱ्या माणसासारखा बोलतो. प्रत्येक पिढी त्या घोडेस्वाराला आपल्या मापाचे कपडे शिवते, आणि मग म्हणते, बघा, पूर्वी असे लोक होते.

बदललंय बरंच, आणि सगळं वाईट बदललंय असं मी म्हणणार नाही. अर्णवच्या गोष्टीत राणी रडत नाही. तिच्या हातातही तलवार आहे, आणि ती चालवते चांगली. मला बरं वाटलं. धनी चुकला तर त्याची शपथ मोडावी, हेही मला पटतं. आंधळ्या इमानानं या मुलखात काय काय झालं ते आम्ही ऐकत वाढलो. पण एक खोड त्या वेळी होती ती आजही आहे, आणि त्या खोडीनं माझं डोकं फिरतं. शपथ घेण्याचा प्रसंग दोन्हीकडं रंगवून लिहिलेला. वारा, मशाली, थरथरणारा आवाज. शपथेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करायचं, ते कुणी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवसाची गोष्ट आमच्या गावात सुंद्रामावशीपाशी येऊन अडली.

सुंद्रामावशी आमची शेजारीण. आईच्या बरोबरीची, तोंडानं फटकळ, कामाला वाघीण. तिचा नवरा त्या साली चैत्रात वारला. मूलबाळ नव्हतं. ओढ्याकाठचं एक काळंभोर रान होतं आणि एक बैल; दुसरा बैल दवादारूत गेला. एका बैलावर औत चालत नाही. शेजारच्या बांधाला तिचा दीर महादू, आणि त्याचा डोळा रानावर. तो उघड भांडत नसे. तो गोड बोले. "वैनी, बाईमाणसाला झेपतंय का? यंदा पडीक ऱ्हाऊ द्या, फुडच्या साली म्या बटईनं करतो." एकदा बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, गेलेलं रान विधवेकडं परत येत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. महादूला फक्त एक हंगाम चुकायला हवा होता. सुंद्रामावशीला तोच एक हंगाम साधायला हवा होता.

आणि त्याच दिवसांत शिलेदारानं बेलभंडारा उचलला. आमच्याकडं बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द म्हणजे शेवटचा शब्द. मग जीव गेला तरी मागं फिरायचं नाही. अप्पांनी तो प्रसंग असा वाचला की देवळातला वारा थांबला. शिलेदार म्हणाला, अबलेच्या डोळ्यांतलं पाणी ज्याला दिसत नाही त्यानं कमरेला तलवार लावू नये. दगडू पाटील ताडकन उठले. डोळे लाल, मिशा ओल्या. त्यांनी कोनाड्यातली भंडाऱ्याची वाटी घेतली, कुणाला तरी पिटाळून बेलाचं पान आणवलं, आणि तळहात पुढं करून म्हणाले, "ऐका समदे! आमच्या गावात बी एक अबला हाय. सुंद्राचं रान म्या पेरून देनार. इर्जिक घालू. समद्यांच्या जोड्या तिच्या रानात. ह्यो बेल, ह्यो भंडारा!"

"येळकोट येळकोट!" सगळं देऊळ ओरडलं. पिवळी धूळ उडाली. बायकांच्या बाजूला सुंद्रामावशी बसली होती. तिच्याकडं सगळ्यांनी वळून बघितलं. ती रडेल अशी अपेक्षा असावी. तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, "कवा?"

"आता तू काळजी सोड," पाटील म्हणाले.

"ते सोडते. पर कवा?"

तेवढ्यात आरती सुरू झाली.

इर्जिक म्हणजे गावानं सगळी औतं घेऊन एकाच्या रानात उतरायचं, एका दिवसात काम उरकायचं आणि घरधन्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. मावशीनं दुसऱ्याच दिवशी ज्वारी दळायला घेतली, येसर कुटून ठेवला. आमटी करायला मसाला तयार पाहिजे. मग पाऊस झाला, उघडला, आणि वाफसा आला. पहिल्या दिवशी पाटलांची औतं पाटलांच्या रानात गेली. बरोबरच आहे, म्हणाले लोक, आधी घरचं. दुसऱ्या दिवशीही घरचंच. तिसऱ्या दिवशी मावशी पाटलांच्या दारात गेली. पाटील ओसरीवर सुपारी कातरत होते.

"अगं, पितरपाठ चाललाय," पाटील म्हणाले. "ह्या दिवसांत नवं काम धरत न्हाईत."

"तुमचं रान पेरलं न्हवं?"

"ते रोजचंच काम. इर्जिक म्हंजे सोहळा. आन पोथी बी चालू हाय. पोथी चालू असताना गावानं औतं जुपून सोहळा करावा का? आधी पोथी तडीस जाऊ दे. शिलेदार राणीला सोडवतो, समाप्ती हुती, मग बघ कशी धडाक्यात इर्जिक घालतो!"

हे मावशीनं आमच्या चुलीपाशी बसून आईला सांगितलं, तेव्हा मी भाकरीचं पीठ मळत होते. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. माणूस खोटारडा असता तर गोष्ट सोपी होती. पाटील खोटारडे नव्हते. त्यांना खरोखर वाटत होतं की आपण सुंद्राचं रान पेरणार आहोत. भंडारा उचलला त्या घटकेलाच त्यांच्या मनात ते पेरून झालं होतं, वर ज्वारीची कणसंही निसवली होती. आता रोज संध्याकाळी येऊन ते शिलेदारासाठी रडत, आणि ते रडणं त्यांच्या शब्दाच्या खात्यात जमा होई. राणीसाठी ढाळलेल्या पाण्यानं मावशीचं रान ओलं राहणार होतं थोडंच! महादू मागं खांबाला टेकून बसायचा. तो कधी नव्हे इतक्या भक्तीनं पोथी ऐकायला लागला होता. अध्याय लांबला की त्याचा चेहरा उजळे.

आणि अप्पा? अप्पा वाचत होते. "मी काय करू?" म्हणायचे. "मी मास्तर. माझ्याकडं बैल आहेत का?"

त्या दिवशी आई मावशीबरोबर रानात जाऊन आली होती. परत आली तेव्हा तिच्या मुठीत मातीचं एक ढेकूळ होतं. तिनं ते चुलीपाशी ठेवलं आणि येता-जाता बोटानं दाबून बघत राहिली, किती वाळलं ते. संध्याकाळी देवळात शिलेदार गडाच्या भिंतीवर चढत होता. पागोट्याची दोरी केलेली. खाली दरी, वर पहारा. दोरीचा एकेक पेड तुटतोय. अप्पांचा आवाज कुजबुजीवर आलेला. पाटील गुडघ्यांवर उभे राहिलेले. आणि बायकांच्या घोळक्यातून आई उठली, सरळ चौरंगापाशी गेली, पुस्तक मिटलं, पदरात गुंडाळलं.

आधी कुणाला कळलंच नाही. मग एकदम गलका झाला.

"वैनी! अध्याय व्हायचाय!"

"सुंद्राबाईंची पेरणीही व्हायचीय," आई म्हणाली.

"अवो, पोथी अर्ध्यावर ठेवत न्हाईत! गावाला लागंल!"

"शब्द अर्ध्यावर ठेवलेला चालतो, तो नाही लागत?" आईचा आवाज चढला नाही. "भंडारा उचललात, पाटील. खंडोबाच्या नावानं. ती बाई रोज पीठ चाळून ठेवते आणि रोज झाकून ठेवते. रान अजून दोन दिवस थांबेल, फार तर. पेरणी झाली की त्याच दिवशी संध्याकाळी पोथी परत चौरंगावर येईल. तोवर नाही."

आणि ती पुस्तक घेऊन घरी निघून गेली. अप्पा तिच्या मागोमाग, धावत. घरी येऊन त्यांनी डोक्याला हात लावला.

"अगं, लटकलाय तो! दोरी तुटत आलीय!"

"लटकू दे," आई म्हणाली. "त्याला काही होत नाही. पाच अध्याय शिल्लक आहेत अजून."

पुस्तक तिनं पिठाच्या डब्यात घातलं आणि डब्यावर पाटा ठेवला. अप्पांना शेवट तिथंच उभ्या उभ्या वाचून घ्यायचा होता, हे तिला माहीत होतं. त्या दोघांचं बोलणं बंद झालं. मी मधल्यामध्ये. खरं सांगते, मला आईचा अभिमान वाटत होता आणि दोरीचं काय झालं याचीही काळजी लागली होती.

सकाळी घुंगरं वाजली. ओढ्याच्या वाटेनं जोड्या निघाल्या होत्या, एकामागं एक. चेहरे सगळ्यांचे सुतकी. कुणी भंडाऱ्याला भ्यालं होतं, कुणी अर्धवट पोथीला, आणि कुणाला नुसतं राणीचं काय होतं ते कळायला हवं होतं. अबलेच्या डोळ्यांतल्या पाण्यासाठी त्यांतला एकही आला नव्हता, यावर मी पैज लावते. आई म्हणाली, "कशासाठी का असेना, आले ना." आम्ही बायकांनी मावशीच्या अंगणात तीन दगडांच्या चुली मांडल्या. मावशी स्वयंपाकाला थांबली नाही. ती केव्हाच रानात होती.

भाकऱ्यांची दुरडी घेऊन मी रानात पोचले तेव्हा औतं थांबलेली होती. रानाला कुळवाची पाळी घालून झालेली, पेरायची तिफण जुंपलेली, बैल शेपट्या हलवत उभे. मला वाटलं, काही मोडलं. मोडलं नव्हतं. पाटलांनी घरून पाटलीणबाईंना आणवलं होतं. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात ओटीचं ताट. तिफणीच्या वरच्या वाटीत, चाड्यात, बियाणं सोडायचं काम बायकांचं, आणि हंगामाची पहिली मूठ सवाष्णीची. तशी रीत.

"हिच्या हातची पैली मूठ पडू दे," पाटील प्रसन्न आवाजात म्हणाले. रानात आल्यावर त्यांचा नूर परत आला होता. "तू तिकडं बांधाला बस, सुंद्रा. तुला आज काय बी करायचं न्हाय. आमी हाय न्हवं?"

सुंद्रामावशी तिफणीच्या मागं उभी होती. ओट्यात बियाणं बांधलेलं, कासोटा घट्ट. ती हलली नाही.

"रान कुणाचं हाय, पाटील?"

"तुझंच की. पर रीत..."

"धनी दुखण्यानं बसलं तवापासनं ह्या रानात चाडं म्याच धरलंय. तवा पीक आलं का न्हाय? मग आता काय हाताला किडं पडलं माझ्या?"

बांधावरून महादू बोलला, "म्या सांगितलं हुतं, बाईमाणसाला..."

"तू गप," पाटील त्याच्यावर ओरडले. आपण सोडवायला आलोय, आणि जिला सोडवायचं तीच मध्ये उभी. असा अध्याय त्यांनी ऐकलेला नव्हता. कुणी खाकरलं. कुणी आभाळाकडं बघितलं. ऊन चढत होतं आणि दर घटकेला त्या रानातली ओल कमी होत होती. मला इतका संताप आला की दुरडी खाली आपटावी वाटली. एवढा मोठा शब्द, एवढा भंडारा, एवढी औतं, आणि सगळं अडलं कशावर, तर एका बाईच्या मुठीवर.

पाटलीणबाईंनी ताट खाली ठेवलं. त्या कधी चारचौघांत बोलत नसत. त्यांनी ताटातली बियाण्याची मूठ उचलली, दोन पावलं पुढं आल्या आणि ती मूठ मावशीच्या ओट्यात टाकली.

"घे बाई, तुझं तू पेर," त्या म्हणाल्या. "मला घरी ढीगभर भाकरी थापायच्या हाईत."

आणि त्या वळून चालायला लागल्या, धुळीत लुगड्याचा काठ ओढत. मावशीनं चाड्यात मूठ सोडली. बी नळ्यांतून सळसळत खाली गेलं.

"बैलं हाना, पाटील," ती म्हणाली.

पाटलांनी उपरणं कमरेला गुंडाळलं, कासरा धरला आणि बैलांना चुचकारलं. दिवसभर ते पुढं आणि ती मागं, अशी ती तिफण चालली. मध्ये कुणीतरी भलरी धरली. औताबरोबर म्हणायची ती गाणी सुरू झाली की माणसांचे चेहरे आपोआप सैल होतात. येसराची आमटी पाटलांनी तीनदा मागून घेतली. ऊन कलायच्या आत ओढ्याकाठचं ते रान ओळीनं पेरून झालं होतं, आणि महादू कुठं दिसत नव्हता.

संध्याकाळी आईनं डब्यावरचा पाटा काढला. पुस्तक झटकलं तरी पानापानांतून पीठ पडत होतं. देऊळ गच्च भरलेलं. शिलेदार दोरी तुटायच्या आत वर चढला, किल्लेदाराला लोळवलं, अप्पांनी न थांबता सगळे अध्याय वाचून काढले. शेवटच्या पानावर राणी शिलेदाराच्या पायांवर पडली आणि आसवांनी तिनं ते पाय भिजवले. पाटील हमसून हमसून रडले. मग डोळे पुसत त्यांनी बायकांच्या बाजूला बघितलं. पुन्हा बघितलं.

"सुंद्रा कुठाय? समाप्ती हाय, आन तीच न्हाय? जिच्यापायी येवढं केलं... जा गं पोरी, बोलवून आन तिला."

मी पळत गेले. मावशी अंगणात बैलापुढं कडब्याची पेंढी सोडत होती. मी धापा टाकत सांगितलं, चला, राणी सुटली, शिलेदाराच्या पाया पडली, आता आरती आहे, पाटील बोलावतायत. तिनं ऐकून घेतलं. हसली नाही, रागावलीही नाही. जे सांगायचं ते सांगून ती परत कामाला लागली.

मी देवळात आले. सगळे माझ्याकडं बघत होते. पाटलांच्या हातात नारळ होता. तिचा निरोप मी एक अक्षर न गाळता सांगितला.

"मावशी म्हणत्यात, पाटलाच्या काढणीला म्या दोन हातांनी येनार, न सांगता. आन राणीला म्हणावं, पाया पडून झालं असंल तर ऊठ. गुरं उपाशी हाईत."